तीनदा नाव

दुपारी तीनच्या सुमारास रुग्णालयाच्या तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत श्वासयंत्र आलं. काम तसं रोजचंच. बोर्डावरच्या एका चिपमधला प्रोग्रॅम बिघडला होता; तो पुसून नवा भरायचा. पण दुसरं यंत्र शिल्लक नव्हतं, आणि वर एक नर्स हाताने फुगा दाबून एका बाईला श्वास देत होती.

"ताई, किती वेळ?" नर्सने फोनवर विचारलं. "हात भरून आलेत."

"दहा मिनिटं," म्हणून दुरुस्तीवालीने चिपला संगणकाची क्लिप लावली.

हे काम तिला इथल्या जुन्या दुरुस्तीवाल्या बापूंनी शिकवलेलं. काय माणूस होता! चिपला हुकूम पाठवणारा तो प्रोग्रॅम सगळ्यांना खुला, दहा देशांतल्या माणसांनी मिळून लिहिलेला, आणि चुकून पुसली जाऊ नये म्हणून चिपला कुलूप घालायच्या ओळी त्यात बापूंच्या. पण कधी मिरवलं म्हणून नाही. चिप समोर आली की तिला प्रोग्रॅममधून तीनदा नाव विचारायचे, ते पडद्यावर उमटायचं, आणि तेवढ्या वेळात भिंगातून तिची जागा बघून घ्यायचे. "ओळख ना पाळख, आणि पुसायला निघालीस, पोरी?" तोंडात कायम लवंग. त्यांना जाऊन सहा महिने झाले होते.

आज घाई होती. तिने नाव एकदाच विचारलं आणि पुसण्याचा हुकूम सोडला.

चिप पुसली जाईना. पुन्हा सोडला. नाही म्हणजे नाही. चिपला कुलूप आहे, असं पडद्यावर आलं.

सोल्डरिंगच्या राळेचा वास खोलीत कायमच असे; त्यात दुसराच वास मिसळला... लवंगेचा. तिच्या अंगावर काटा आला. मागे बघायचा धीर होईना, म्हणून तिने भिंगातून बोर्डाकडे पाहिलं. एकाच नावाच्या दोन चिप शेजारी शेजारी होत्या आणि क्लिप भलतीलाच लावली होती. हिच्यात यंत्राची मोजमापं होती, कारखान्यात एकदाच भरलेली, कुठेही नक्कल नसलेली. ती पुसली असती तर यंत्राचं नुसतं खोकं उरलं असतं.

तिने क्लिप बदलली. तीनदा नाव विचारलं, जागा पाहिली, नक्कल काढली आणि मगच पुसून भरलं. यंत्र वर गेलं.

"ताई, लागलं! छाती नीट हलतेय बाईंची," नर्सचा फोन आला.

मग तिने निवांत, कोणता हुकूम कधी गेला याची प्रोग्रॅमने ठेवलेली नोंद उघडली. तिच्या पुसण्याच्या हुकमाआधी चिपला चारदा नाव विचारलं होतं. पहिल्यांदा तिने. मग ओळीने तीनदा. आणि लगेच कुलपाचा हुकूम.

प्रोग्रॅम खुला, म्हणून तिने बापूंच्या ओळी काढून वाचल्या. किती स्वच्छ लिहिलं होतं त्यांनी! कुणी सांगितल्याशिवाय कुलूप लागायचं नाही, हे त्यात स्पष्ट होतं. तिने सांगितलं नव्हतं.

"चुकले, बापू..." ती हळूच म्हणाली. भीतीही वाटत होती आणि डोळेही भरून आले होते.

यंत्र वर होतं. क्लिप टेबलावर नुसतीच पडली होती, कशालाच न लावलेली.

पडद्यावर चिपचं नाव उमटलं. थोड्या वेळाने पुन्हा उमटलं.

ती श्वास रोखून तिसऱ्याची वाट बघत बसली.