दोरीवरचं लुगडं

परळची आमची चाळ रिकामी झाली आणि आम्ही शीवला भाड्याच्या घरात आलो. चाळीच्या जागी नवी इमारत उभी राहीपर्यंत इथेच राहायचं होतं. सामान हलवताना माझी बायको राधाबाई पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवर आहे. दिवसा ठीक असते. दिवे लागायची वेळ झाली की उठायला बघायची.

"अहो, माझं हिरवं लुगडं दोरीवर राहिलंय. दिवे लागायच्या आत घरात घ्यायला हवं."

लुगडं घरातच होतं. हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेलं, लाल काठाचं. मीच घडी करून खाटेखालच्या ट्रंकेत ठेवलं होतं. काढून तिच्या हातात दिलं. तिने चाचपून पाहिलं आणि परत दिलं.

"हे इथलं झालं. ते तिथे आहे ना."

असं रोज व्हायचं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडल्या तर कठीण आहे. मी संध्याकाळी तिचे खांदे धरून बसू लागलो.

नात नूपुर फोटोग्राफी शिकते. ती म्हणाली, "आजोबा, चाळीतल्या आपल्या गॅलरीचा संध्याकाळचा फोटो दाखवू. दोरी रिकामी दिसली की आजी ऐकेल."

पण चाळीच्या आवारात फक्त दुपारी सोडत होते.

"चालेल," नूपुर म्हणाली. "संध्याकाळ मी घरी करते."

वॉचमन शिवाने फाटक उघडलं. "काका, खालूनच काढा. जिना तोडलाय. वर आता फक्त कबुतरं, तीपण भाडं न देता."

ऊन भिंतीवर पांढरंफटक पडलं होतं. नूपुरने जमिनीवर गुडघा टेकला, कॅमेरा वर धरला आणि तिन्ही मजले घेतले. मी दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. आमच्या दाराला कुलूप होतं. दारासमोरच्या दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं. काठ लाल.

"कोणाचं तरी राहिलं असेल," मी म्हणालो.

"एडिटमध्ये काढून टाकते," नूपुर म्हणाली. तिने वर पुन्हा पाहिलं नाही.

घरी तिने फोटो लॅपटॉपवर घेतला. आधी उजेड कमी केला. मग सावल्यांत थोडा निळा रंग सोडला.

"संध्याकाळ इतकी निळी नको," मी म्हणालो. "त्या वेळी आपली भिंत तांबूस व्हायची."

"तुम्हीच शिकवा आता कॉलेजात," ती हसली आणि भिंत तांबूस केली. तसतसं ऊन उतरलं. दारं काळी झाली. फोटोत खरोखर संध्याकाळ झाली.

नूपुरचा हात थांबला.

दोरी रिकामी होती.

"काढलंस का?"

"अजून हात नाही लावला, आजोबा."

तिने उजेड वाढवला. दुपार झाली, लुगडं दोरीवर आलं. मग हळूहळू कमी करत गेली. मध्ये एका जागी लुगडं दोरीच्या टोकाला गोळा झालेलं दिसलं, कोणीतरी आतून ओढल्यासारखं. त्यापुढे नव्हतं.

"सॉफ्टवेअरची काहीतरी गडबड असेल," ती म्हणाली. पण पुन्हा करून पाहिलं नाही.

आम्ही लॅपटॉप राधाबाईसमोर धरला. तिने बराच वेळ पाहिलं.

"घेतलं बाई एकदाचं," ती म्हणाली आणि कूस न बदलता झोपली.

मी ट्रंक उघडली. लुगडं होतं तिथेच होतं. हात लावला तर गरम लागलं, उन्हातून नुकतंच काढल्यासारखं. मी झाकण लावलं.

नूपुरने तो संध्याकाळचा फोटो मोठा छापून खाटेसमोर लावला. राधाबाई दिवेलागणीला त्याच्याकडे बघते आणि झोपते. उठायला बघत नाही. ट्रंक मी पुन्हा उघडली नाही.

काल चाळ पाडली. तिला आम्ही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ती फोटोकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

"आज धूळ फार होती हो," ती म्हणाली. "दोनदा झटकावं लागलं."

मग झोपली. हात चादरीवर उताणे पडले होते. मी ओल्या फडक्याने ते पुसले.

फडकं विटकरी झालं.