रिकामा रकाना

उटनूरची बस चुकली, म्हणून मैत्री समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सावलीला आली. निमित्त एवढंच. कापूस वेचणीचे दिवस होते. वाऱ्यावर कापसाचे तंतू भिरभिरत होते, आणि त्यातला एक तिच्या भुवईवर येऊन बसला होता. दुकानातल्या मयूरीला तो दिसला. सांगावं का… उचलावा का… बोटं टायपिंगच्या बटणांवरच थबकली.

"काऊन अशी पाहून राह्यली?" मैत्रीनं हसून विचारलं.

"कापूस… तुमच्या भुवईवर, मॅडम."

"राहू दे. या गावानं मले आपणहून दिलेली पयली गोष्ट हाय ती."

संघपाल गुरुजींची ही लेक गावाला टीव्हीवरून ठाऊक होती. दोन बायकांना, दोन पुरुषांना कायद्यानं लग्न करता यावं, यासाठी हैदराबादेत तिनं आठ वर्षं मोर्चे काढले होते. दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं नाही म्हटलं, तेव्हा ती घरी परतली. मग दर सोमवारी लोकांची गाऱ्हाणी गोळा करून ती दुकानात येऊ लागली. गाव तेलंगणातलं, समोरच्या कचेरीत तेलुगूच चाले; मयूरी मराठीतलं गाऱ्हाणं तेलुगूत टाइप करी. कागद देताना बोटाला बोट लागे. दोघी उगाच पंख्याकडे बघत.

मागच्या खोलीत मयूरीची आई, जयवंताबाई, कापसातला कचरा वेचत गात असे—

ऊन कवळं कवळं, माझ्या बांधावं यायाचं…

पुढची ओळ ती कधी म्हणतच नसे. नुसती गुणगुणे.

वर्षभरानं मंडळ परिषदेची, म्हणजे इथल्या पंचायत समितीची, निवडणूक लागली. एकाही पक्षानं मैत्रीला विचारलं नाही. ती अपक्ष उभी राहिली. अर्जाच्या शेवटच्या दिवशी, चार वाजता, ती दुकानात येऊन धपकन बसली.

"चंपतराव सही करणार होते, ते फिरले. त्यायले वरून फोन आला. आता सूचक नाही मले."

अपक्षाच्या अर्जावर इथल्याच एका मतदाराची सूचक म्हणून सही लागते, आणि ते नाव कचेरीच्या फळ्यावर उमेदवाराच्या नावाशेजारी लागतं. साऱ्या गावासमोर. 'मयूरी त्या मॅडमच्या मागं मागं' अशी कुजबुज आधीच होती. फळ्यावर नाव लागलं की ती कुजबुज राहणार नव्हती, मयूरीनं स्वतःच सांगितल्यासारखं होणार होतं.

"तुले मागत नाही मी," मैत्री हळूच म्हणाली. "मी हरली तर हैदराबादले जाईन. तुले इथंच राहायचं हाय."

मयूरी संगणकाकडे वळली. तिनं अर्जासोबतचं शपथपत्र उघडलं आणि एकेक रकाना भरू लागली. नाव, वय, शिक्षण… मग ती अडली.

"पती किंवा पत्नीचं नाव?"

"कोरं ठेव."

"कोरं ठेवलं तर अर्ज बाद होते, मॅडम. सारे 'वर्तिंचदु' लिहितेत. लागू नाही."

"लागू नाही?" मैत्री उसळली. "आठ वर्षं मी याच रकान्यासाठी रस्त्यावर होती, मयूरी. दुसरं काहीबी लिह… पण हे नको."

मागच्या खोलीतली गुणगुण थांबली. मयूरीनं क्षणभर डोळे मिटले, मग काहीतरी टाइप केलं. यंत्रातून ऊन ऊन कागद बाहेर आला. मैत्री एकेक अक्षर लावत वाचू लागली—

"प्रस्तुतानिकी… लेदु."

सध्या नाही.

तिनं मान वर केली. "सध्या?"

मयूरीचे कान लाल झाले होते. तिनं अर्ज पुढ्यात ओढला, आणि सूचकाच्या जागी आपलं नाव लिहिलं, पूर्ण, वळणदार. खाली सही, गाव. मतदार यादीतला नंबर.

"सध्या म्हणजे… उमेदवारानं जराशी वाट पाहावी."

"किती?"

"ते मतदार ठरवते." मयूरी आता हसू लपवत नव्हती. "साडेचार झाले. पाचले अर्ज घेणं बंद होते. चला, मॅडम—"

"मॅडम?"

"…चल, मैत्री."

दोघी रस्त्यावर आल्या. कचेरी समोरच होती. तिच्या पायऱ्यांवर पाच-पन्नास माणसं. कचेरीच्या उंबऱ्याशी मयूरी थांबली, हात उचलला आणि मैत्रीच्या भुवईवर आजही येऊन बसलेला कापसाचा तंतू अलगद काढला. साऱ्यांनी पाहिलं.

मागून, दुकानाच्या उघड्या दारातून, जयवंताबाईचा आवाज आला. या वेळी मोकळा, कधी न म्हटलेल्या पुढच्या ओळीसकट—

बाई, कापसाच्या बोंडाला येड उघडं व्हायाचं.