येर्लानचा नंबर

बसा रे. लाइट काय एवढ्यात येत नाही. वायरमनला फोन लावला, तर म्हणाला, शिवरामकाका, तासभर धरा. त्याचा तासभर म्हणजे काय ते बुवापाड्यात सगळ्यांना माहीत आहे. बुद्धभूषण, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर आधी, डोळ्यात जातोय. आणि प्रीती, तू तुझ्या भावाच्या बाजूला बस. परदेशात ट्रक चालवायला चाललाय ना तो? मग हरिचंद्राची गोष्ट ऐकून जाऊ दे.

एक आधीच सांगतो. आपण बौद्ध माणसं. भूत, करणी, उतारा, आपण काही मानत नाही. मी तीस वर्षं टँकर चालवला, कधी लिंबू-मिरची बांधली नाही. मालकानं बांधली तर तोडून भजीवाल्याला दिली. हरिचंद्र माझ्याहून कडक. अंबरनाथ एमआयडीसीतून आम्ही दोघं बरोबर माल भरायचो. बारवीच्या रस्त्यावर एका झाडाखाली कुणी रात्री थांबत नसे, तर हा मुद्दाम तिथेच गाडी लावून डबा खायचा. असा माणूस. त्यानं मला हे सांगितलं, आणि सांगताना एकदाही हसला नाही.

तर हा रशियाला गेला. बदलापूरच्या एका एजंटानं लावून दिलं. जायच्या आधी आम्ही उल्हासनगरला जाऊन जॅकेट घेतलं. दुकानदार सिंधी, म्हणाला, "भाऊ, मायनस चाळीस! गॅरंटी!" हरिचंद्र म्हणाला, "शेठ, तू कधी गेलायस का मायनसमध्ये?" शेठ म्हणाला, "मैं क्यों जाऊं? मेरा माल जाता है!" ते जॅकेट पहिल्या आठवड्यात उसवलं. पण ते जाऊ द्या.

त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. मशिनचे पार्ट रशियात उतरवायचे आणि रिकामी गाडी घेऊन सरहद्द ओलांडून कझाकस्तानात परत यायचं. शेवटची ट्रिप. बुधवारी रात्री बारा वाजता त्याचा रशियाचा व्हिसा संपणार होता. त्याच्या आत पलीकडे गेला तर विमान पकडून थेट घरी, नीलिमावहिनीकडे. नाही गेला तर पोलीस, कोठडी आणि मग कधी सुटेल ते त्यांची मर्जी.

रविवारी संध्याकाळी हा नाक्याच्या रांगेत लागला. रांग म्हणजे आपल्या टोलनाक्यासारखी नाही हं. मैलोन् मैल ट्रक, दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र रान, आणि दिवसातून चार-पाच वेळाच रांग हलणार, पण हलली की चांगली लांबवर सरकणार. ह्याच्या मागे निळा ट्रक होता. ड्रायव्हर कझाक, नाव येर्लान. चहाच्या गाडीवर दोघांची गाठ पडली. भाषा कुणाची कुणाला येत नाही, पण ड्रायव्हरला ड्रायव्हरचं कळतं. येर्लाननं बोटानं पलीकडे दाखवलं. नाक्याच्या पुढे लांबवर दिवे लुकलुकत होते. तेच त्याचं गाव. आई तिथे, भाऊ तिथे. घर डोळ्यांना दिसतंय आणि माणूस रांगेत उभा.

त्यानंच हरिचंद्राला रांगेचा रिवाज शिकवला. रात्री झोप लागते. रांग सरकली आणि तुम्ही झोपलेले राहिलात तर बाकीचे बाजूनं पुढे काढतात, तुमचा नंबर गेला. म्हणून मागच्यानं उतरायचं आणि पुढच्याचा दरवाजा ठोकायचा. तीन वेळा. आणि म्हणायचं, "दवाय!" म्हणजे चल, हल. येर्लाननं छातीवर हात ठेवला. मी मागे आहे, तू झोप. मी उठवीन.

आणि उठवलं त्यानं. रविवारी रात्री ठक ठक ठक, "दवाय!" सोमवारी रात्री दोनदा. हरिचंद्र आतूनच ओरडायचा, "थँक यू भाई!" आणि गाडी पुढे घ्यायचा. मागे निळा ट्रक बरोबर सरकायचा. मंगळवारी दुपारी ह्यानं आरशात बघून हात केला. तर तिकडे काचेवर येर्लानचाही हात वर होता. ह्याला बरं वाटलं. संध्याकाळी परत बघितलं. हात तसाच वर. ह्याला वाटलं, टेकून बसला असेल.

आता नीट ऐका. मंगळवारची रात्र. एकवीस जानेवारी, दोन हजार पंचवीस. हरिचंद्रानं त्या रात्री एक चूक केली. ती आपलाच माणूस करतो. तिथे थंडीत इंजिन बंद करायचं नसतं. गाडी उभी असली तरी चालू ठेवायची, नाहीतर डिझेल थिजतं, आणि डिझेल थिजलं की हीटर मेला, हीटर मेला की आतला माणूस. पण आपली सवय काय? गाडी उभी की इंजिन बंद! मालक रोज टाकीत काठी घालून डिझेल बघायचा ना आपलं. ते हाडात मुरलेलं. झोपेच्या गुंगीत ह्याच्या हातानं आपोआप चावी फिरवली. ह्याला कळलंही नाही.

किती वेळ गेला, माहीत नाही.

ठक. ठक. ठक.

"दवाय."

हा डोळे उघडेना. त्याला म्हणे छान ऊब वाटत होती. थंडीनं माणूस मरायला लागला की असंच होतं, ऊब वाटते. तो आतून म्हणाला, "हो रे भाई... जरा थांब..."

ठक ठक ठक.

ह्यानं एक डोळा उघडला. पुढे आता एकच ट्रक उरला होता, तो जिथल्या तिथे. रांग सरकलेलीच नाही. मग हा उठवतोय कशाला? काच आतून पांढरी झालेली. ह्यानं नखानं खरवडून बाहेर बघितलं. दरवाज्याखाली बर्फ. सपाट. एकही पाऊल नाही...

ठक ठक ठक. आता दुसऱ्या दरवाज्यावर.

तिकडे बघितलं. कोणी नाही.

हा परत मागे टेकला.

मग... पाठीमागून.

ट्रकच्या केबिनच्या मागे, जिथे झोपायची फळी असते ना, त्याच्या मागच्या पत्र्यावर. त्या पत्र्याच्या आणि ट्रेलरच्या मध्ये माणूस उभा राहू शकत नाही. पाइप आणि वायरी असतात तिथे.

ठक... ठक... ठक...

आवाज अगदी कानाशी.

प्रीती, तू दादाचा हात सोड, त्याला लागेल. दुसरा कोणी असता तर डोक्यावरून चादर घेतली असती. हरिचंद्राला आला राग. त्यानं पाना उचलला आणि ओरडला, "कोण आहे रे? मी बुवापाड्याचा आहे! दम असेल तर समोर ये आणि जय भीम घाल!"

पाना पत्र्यावर आपटला.

आणि ओरडण्यानं झोप उडाली. तेव्हा त्याला कळलं. इंजिन बंद आहे. पाय आहेत की नाहीत कळत नाही. ह्यानं चावी फिरवली. नाही. परत. नाही. परत... गाडी खोकली आणि चालू झाली. अजून थोडा उशीर झाला असता तर झाली नसती, असं तो म्हणतो. मी पण तेच म्हणतो.

हीटरनं जरा जीव आला, तसा हा पाना घेऊनच खाली उतरला. मागे गेला. निळा ट्रक. दिवे बंद. इंजिनाचा आवाज नाही. काचेवर आतून बर्फ. हा पायरीवर चढला. दरवाजा उघडला.

येर्लान बसला होता. एक हात स्टिअरिंगवर. दुसरा वर. काचेला मूठ टेकलेली.

लाकडासारखा.

नाक्यावरचा डॉक्टर पहाटे आला. हीटर बिघडला म्हणाला. कधी गेला म्हणाल, तर रविवारी रात्री. हरिचंद्रानं बोटं मोजून त्याला परत परत विचारलं. रविवारच. नक्की. मेकॅनिकनं टाकी बघितली, कोरडी. ब्रेकची हवा बघितली, शून्य. बुद्धभूषण, तू सांग तुझ्या बहिणीला, मोठ्या गाडीत हवा नसली की काय होतं? बरोबर. ब्रेक जाम. चाक तसूभर फिरत नाही. आणि ती गाडी सोमवारी आणि मंगळवारी ह्याच्या मागे सरकत होती.

घाबरलात? थांबा, खरी गोष्ट आता आहे.

नाक्यावरचा रशियन साहेब म्हणाला, गाडी बाजूला ढकला, बॉडी मागे शहरातल्या शवागारात जाईल, घरच्यांनी अर्ज करावा. शहर दिवसभराच्या रस्त्यावर. आणि गाव? समोर. दिवे दिसतायत. पलीकडच्या फाटकाला त्याचा भाऊ येऊन उभा, तोही दिसतोय. हरिचंद्रानं मोबाइलवर भाषांतर लावून विचारलं, "नंबर कुणाचा आता?" साहेब म्हणाला, तुझा. "आणि माझ्या मागे?" साहेबानं मागच्या निळ्या ट्रककडे बघितलं. हरिचंद्र म्हणाला, "माझ्या मागे येर्लानचा नंबर आहे. तीन दिवस लावलाय त्यानं. तो येईल तेव्हाच मी जाईन." आणि ह्यानं आपली गाडी फाटकाच्या तोंडात आडवी घातली!

काय धिंगाणा झाला असेल! मागचे हॉर्न मारतायत. कंपनीच्या मालकाचा फोन, गाडी काढ नाहीतर नोकरी गेली. हा म्हणाला, "गेली तर गेली." फोन खिशात. साहेबानं पासपोर्ट नाचवून दाखवला, आज रात्री बारानंतर तू कैदी. घरी नीलिमावहिनी विमानाची वेळ विचारतेय. पण तो जागचा हलला नाही. मला म्हणाला, "शिवराम, ह्या माणसानं मेल्यावर पण मला उठवायची ड्युटी सोडली नाही. आणि मी जिवंत असून त्याला टाकून जाऊ?"

दुपार गेली. मग एक म्हातारा ड्रायव्हर ट्रकमधून उतरला, काय झालं ते त्यानं विचारून घेतलं आणि थेट साहेबाच्या काचेच्या खिडकीशी गेला. ठक ठक ठक. "दवाय." मग दुसरा उतरला. मग पाच, दहा, पन्नास. शिवी नाही, दगड नाही. एकेक जण जातोय आणि काच ठोकतोय. ठक ठक ठक. दवाय. ठक ठक ठक. दवाय. अंधार पडला तरी चालूच. माणसं थंडीनं काळीनिळी पडली, पण रांग सोडली नाही. मला विचाराल तर त्या रात्री जिवंत माणसं भुताहून भारी होती.

शेवटी साहेबानं शिक्का उचलला. हरिचंद्राच्या पासपोर्टवर मारला आणि येर्लानच्याही. म्हणाला, बारा वाजेपर्यंत टोचन करून नेऊ शकलास तर ने. आणि हसला. त्याला माहीत होतं ना, हवेविना गाडी ओढली जात नाही.

ड्रायव्हरांनी हरिचंद्राच्या ट्रकमधून निळ्या ट्रकला हवेचा पाइप जोडून बघितला. थंडीनं काचेसारखा तुटला. दुसरा जोडला, तोही तुटला. येर्लानला जागेवरून उचलता येत नव्हतं, म्हणून कुणीतरी त्याच्यावर चादर घातली. हरिचंद्रानं टोचनची रस्सी घेतली. जाड, मनगटाएवढी. एक टोक आपल्या ट्रेलरच्या हुकाला, दुसरं निळ्या ट्रकच्या हुकाला. गाठी स्वतः मारल्या, आपल्या पद्धतीच्या, ओढ लागली की आवळत जाणाऱ्या. मग निळ्या ट्रकच्या पायरीवर चढला. काच ठोकली. तीनदा.

"येर्लान, जय भीम. रांग सरकली, बाबा. दवाय."

आपल्या गाडीत येऊन बसला. पहिला गिअर टाकला. क्लच सोडला.

आरशात बघितलं.

निळा ट्रक येत होता.

हळू... सरळ... ह्याच्या चाकांच्या रेषेत. स्टिअरिंगवर जिवंत हात नाही. मागे एवढी माणसं उभी, एकेकानं टोपी काढली. फाटक गेलं. दोन फाटकांमधली मोकळी पट्टी गेली. कझाकस्तानचं फाटक आलं. बारा वाजायला थोडा वेळ होता. हरिचंद्रानं ब्रेक मारला. मागचा ट्रकही थांबला. धडकला नाही, अंतर राखून थांबला. भाऊ धावत आला, पायरीवर चढला आणि आतून त्याच्या रडण्याचा आवाज आला. हरिचंद्र म्हणतो, तेव्हा मीही रडलो, मोठ्यानं रडलो, मला कसलीच लाज वाटली नाही.

मग तो रस्सी सोडायला मागे गेला.

ट्रेलरच्या हुकाला रस्सी नव्हती.

निळ्या ट्रकच्या हुकालाही नव्हती.

इतक्यात रशियाच्या बाजूनं तो साहेब चालत येताना दिसला. टोपी नाही डोक्यावर, तोंड पांढरं पडलेलं. दोन बोटांच्या चिमटीत रस्सी धरलेली, बाकीची बर्फातून फरफटत येतेय. तिकडच्या फाटकाखालीच पडली होती म्हणाला. गाडी हलली तेव्हापासून तिथेच होती. हरिचंद्राच्या पायाशी टाकली आणि मागे न बघता गेला.

ती रस्सी हरिचंद्रानं इकडे आणलीय. त्याच्या घरी पोटमाळ्यावर आहे, उद्या उजेडात जाऊन बघा. तुटलेली नाही. उलगडलेली नाही. दोन्ही टोकांच्या गाठी त्यानं मारल्या तशाच आवळलेल्या आहेत.