पहिल्याची सर

सुषमा भोये यांच्या हातातला चहा गार झाला होता. त्यावर साय धरली होती, तरी त्यांनी कप खाली ठेवला नव्हता.

"बाई, प्या किंवा ठेवून द्या," राही गावित म्हणाली. "किती वाजेपर्यंत वेळ आहे आपल्याला?"

"सहा."

जव्हारच्या बाजारपेठेत, एका शिंप्याच्या दुकानावर राहीची खोली होती. रसायनशास्त्राची पदवी, नाशिकच्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षं नोकरी आणि आता खासगी तपासाचं काम. मजुरांचे पैसे बुडवून पळालेले मुकादम शोधण्यात तिचा अर्धा वेळ जाई. तिचा मामेभाऊ कमलेश जीप चालवायचा, पडेल ते बाकीचं कामही करायचा. आत्ता तो खिडकीत बसून बिस्किटं खात होता. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

"पहिल्यापासून सांगा."

सुषमाबाई पोशेऱ्याच्या शाळेत शिक्षिका होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गावातल्या माणसांना घेऊन 'रिकामी कणगी' हा सिनेमा केला. वीटभट्टीवर गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईची गोष्ट. आईचं काम मजुरीला जाणाऱ्या हिराबाईंनी केलं. सिनेमाला बक्षीस मिळालं, लांब लांब तो दाखवला गेला. आज संध्याकाळी सहाला जव्हारच्या सभागृहात त्याच्या दुसऱ्या भागाचा पहिला खेळ होता. पुण्याच्या महोत्सवाच्या निवड समितीतल्या एक बाई येणार होत्या आणि उद्या सकाळी त्या परत जाणार होत्या.

"आणि आज सकाळी अर्जुनचा फोन आला. संकलन तोच करतो. त्याच्या स्टुडिओचं कुलूप कापलंय. सिनेमाची डिस्क गेली. दुसरी प्रत नाही."

"आणि हा मेसेज?"

बाईंनी मोबाइल पुढे केला. सिनेमाच्या ग्रुपवर सात वाजून दहा मिनिटांनी, लिंकवरून शिरलेल्या एका अनोळखी नंबरावरून मजकूर आला होता.

'दुसरा भाग पूर्ण पाहिला. पहिल्याची सर नाही. शेवटी आवणीच्या चिखलात तारपा वाजतो, तोही खोटा वाटतो. हा भाग दाखवून पहिल्याची अब्रू घालवू नका. डिस्क विसरा.'

"नंबर बंद येतोय," बाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "राहीताई, एक खरं सांगू? डिस्क गेली हे ऐकलं तेव्हा क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. सहा महिने मला झोप नाही. पहिला कसा झाला तेच मला ठाऊक नाही. दुसरा मात्र मी ठरवून केला. हे जे लिहिलंय, ते खरंच असलं तर?"

"तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"तुकड्यातुकड्यांनी. शेवटचा प्रसंग पाहिलाच नाही. आवणीच्या दिवशी मला मतदारयादीची ड्युटी लागली. शूटिंग आमच्या कॅमेरावाल्या तुषारनं केलं. कार्ड अर्जुनला देऊन तो दुसऱ्या दिवशी नाशिकला कंपनीत गेला. तिथे फोन आत नेऊ देत नाहीत, तो सातनंतरच लागेल. आणि अर्जुन म्हणाला, बाई, शेवट पडद्यावरच बघा."

"कागदावर शेवट काय होता?"

"आवणी, भाताची लावणी चाललेली. मुलगा परत येतो. बांधावर गावातले फागूबाबा भोपळ्याचा तारपा फुंकून वाजवतात. चार प्रती होत्या संहितेच्या. माझी, अर्जुनची, तुषारची आणि लिहिणाऱ्या गौतमची."

"गौतमनं आवणीचं शूटिंग पाहिलं?"

"तो त्याआधीच भांडून गेला."

कमलेशनं बिस्किटाचा पुडा मिटला. "मग झालं की! भांडून गेला तोच चोर."

"जीप काढ, दादा," राही म्हणाली.

*

स्टुडिओच्या पाटीवर 'फोटो, लग्नाचे व्हिडिओ, रिचार्ज, नवीन सिम' असं लिहिलं होतं. कापलेलं कुलूप पायरीवर पडलं होतं. अर्जुन दारात उभा होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

राही उंबऱ्याशी बसली आणि पांढरा रुमाल पायरीवर, कडीखाली, चौकटीवर फिरवला. रुमाल धुळीनं तपकिरी झाला. मग ती आत गेली. काउंटरच्या आतल्या बाजूला खाली वाकून तिनं जमिनीवर रुमाल टेकवला. या वेळी त्यावर काळपट, चमकणारे कण चिकटले. तिनं रुमाल घडी करून खिशात टाकला.

"कॅमेरे दोन्ही जागेवर?"

"हो मॅडम. लॅपटॉप पण. फक्त डिस्क."

"म्हणजे चोराला काय हवंय ते पक्कं माहीत होतं. काम पूर्ण झालं होतं का तुमचं?"

"पूर्ण! दहा वेळा पाहिलाय मी." अर्जुननं डोळे पुसले. "शेवटच्या प्रसंगाला तर जीव ओतला. तारप्याचा आवाज वाऱ्यानं फाटत होता. तो साफ करायला तीन दिवस लागले. आणि लोक म्हणतात खोटा वाटतो!"

"आज सकाळी किती वाजता आलात?"

"आठला. मेसेज वाचला आणि धावत आलो. बाई, मी काय म्हणतो," तो सुषमाबाईंकडे वळला, "आज पहिलाच भाग दाखवू या पुन्हा. लोकांना तो आवडतोच. उगाच शोभा नको."

बाईंची मान होकारार्थी किंचित हलली. राहीनं ती पाहिली.

*

गौतम एका सरकारी कचेरीत कारकून होता. तो बाहेर टपरीवर भेटला.

"मी चोरली? चोरायची असती तर पहिल्याची चोरून छातीशी धरली असती," तो हसला. "दुसऱ्याची कशाला? उकळलेली पत्ती पुन्हा उकळायची नाही, हे मी बाईंना तोंडावर सांगितलंय. पहिल्यात आई दारात उभी राहते आणि सिनेमा संपतो. त्यापुढे जे दाखवाल ते प्रत्येकाच्या मनातल्यापेक्षा कमीच असणार."

"तरी तुम्ही दुसरा भाग लिहिलात."

"लिहिला. मन नव्हतं, म्हणून वाईट लिहिला." त्याचं हसू मावळलं. "एक तर इतकी वाईट चूक केली की लाज वाटते. आमची दोन पिढ्या नोकरीतली माणसं, शेत फक्त खिडकीतून पाहिलेलं. जाऊ द्या. पोशेऱ्याला चाललात ना? फागूबाबांना विचारा. गेल्या बाजाराच्या दिवशी त्यांच्यासमोर कान धरलेत मी."

जीपमध्ये बसताना कमलेश कुरकुरला, "कान कशाला धरले ते सांगायला काय झालं होतं त्याला? मला तर हाच वाटतो."

"मघाशीही तुला हाच वाटत होता."

"म्हणूनच तर. माझं मत बदलत नाही."

*

पोशेऱ्याला पोचेपर्यंत एक वाजला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात निसवलं होतं, उतारांवर नागली उभी होती. सुषमाबाई मागच्या सीटवर दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडत होत्या. ग्रुपवर आता विचारणा सुरू झाली होती. 'खेळ हाय ना?' 'वावर गावचा टेम्पो निघाला.' 'वांगणीची पंधरा माणसं येतात.' एकालाही उत्तर देण्याचं धाडस त्यांना झालं नाही.

"काय सांगू यांना?" त्या म्हणाल्या. "मजुरी बुडवून येतायत."

राहीनं त्यांना जीपमध्येच बसायला सांगितलं.

फागूबाबा ओटीवर टोपली विणत होते. वर आढ्याला, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट बांधून ठेवलं होतं. राहीनं तिकडे पाहिलं.

"तारपा?"

"तोच. पडला हाय निजून."

"आवणीच्या शूटिंगला वाजवलात ना?"

म्हाताऱ्याच्या हातातली बांबूची कामटी थांबली. "कोण बोलला? आवणीला तारपा वाजवाचा नाय, बाय. नवं भात घरात येईस्तवर तो खाली उतरत नाय. त्या गौतमनं लिवलं व्हतं कागदात. शिकलेला, पण त्याला काय ठाव! मी तुषारला सांगला, तुझा शिनेमा तुझ्या घरी. बाजारात भेटला गौतम, त्याला पण सांगला. बिचारा कान धरून उभा."

"मग शेवट कसा केला?"

"हिराबाय चिखलात उभी. पोरगा येतो. ती त्याच्या हातात रोपांची मूठ देते. बोलणं नाय, वाजणं नाय. निस्ता पाण्याचा आवाज. तुषार बोलला, बाईंना आत्ता सांगू नका, पडद्यावरच बघू दे. शेवटाचं आमी नाय बोललो कुणाला."

परत येताना घाटात कमलेशनं जीप हळू केली आणि कुजबुजला, "राही, म्हातारा भडकलाय बघ. मेसेजमध्येही 'तारपा खोटा' असंच लिहिलंय. हाच असणार."

"फागूबाबांकडे साधा फोन आहे, दादा. आणि जे वाजलंच नाही, त्याला ते खोटं कशाला म्हणतील?" तिनं घड्याळ पाहिलं. पावणेतीन. "जोरात चालव."

*

साडेचारला स्टुडिओत पाच माणसं होती. राही, कमलेश, सुषमाबाई, कचेरीतून बोलावून आणलेला गौतम, आणि काउंटरमागे अर्जुन. राहीनं शटर अर्धं ओढून घेतलं.

"मेसेज लिहिणारा म्हणतो, सिनेमा पूर्ण पाहिला, शेवटी तारपा वाजतो," ती म्हणाली. "पण आवणीच्या दिवशी तारपा आढ्यालाच होता. फागूबाबांनी तो उतरवलाच नाही."

सुषमाबाईंनी झटकन वर पाहिलं. "वाजलाच नाही?"

"नाही. आई मुलाच्या हातात रोपांची मूठ देते, तिथेच सिनेमा संपतो. पिकं उभी असताना तारपा वाजवत नाहीत. गौतमना लिहिताना हे माहीत नव्हतं. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्यानं शेवट कागदावर वाचला होता, पडद्यावर पाहिला नव्हता. संहिता चौघांकडे. तुषारनं शूटिंग स्वतः केलं, त्याला सत्य माहीत आहे. गौतमना ते बाजारात कळलं. उरले दोघं. सुषमाबाई आणि अर्जुन."

"मी?" बाई म्हणाल्या.

"तुम्ही सकाळीच सांगितलंत, शेवट पाहिलेला नाही. ज्याला पाहिल्याचं सोंग करायचंय, तो असं कबूल करत नाही." राही वळली. "अर्जुन, तुम्ही मात्र दहा वेळा पाहिलात. न वाजलेल्या तारप्याचा आवाज तीन दिवस साफ केलात."

अर्जुननं काउंटरची कड घट्ट धरली.

राहीनं रुमाल उलगडला. "कुलूप बाहेरून कापलं असतं तर लोखंडाचा कीस पायरीवर पडला असता. तिथे नुसती धूळ होती. कीस सापडला तो आत, काउंटरच्या मागे. कुलूप तुम्ही इथे बसून करवतीनं कापलंत आणि मग पायरीवर टाकलंत. सिम तर तुम्ही विकताच. राहिला प्रश्न एवढाच, संकलन करणाऱ्यानं शेवट पाहिला कसा नाही? उत्तर एकच आहे. शेवट त्याच्याकडे नाही. कार्डाचं काय झालं?"

अर्जुन काउंटरमागच्या स्टुलावर बसला.

"साखरपुड्याची ऑर्डर होती," अर्जुन म्हणाला. "घाईत हाताला आलं ते कार्ड कॅमेऱ्यात घातलं. सवयीनं फॉरमॅट केलं. वीस मिनिटं शूट केल्यावर कळलं ते कुठलं कार्ड होतं. शेवट शेवटी जोडू म्हणून ते तोवर मी उघडलंही नव्हतं. बाई, तीन आठवडे रोज ठरवत होतो, आज सांगीन. लावणी संपली होती, पुन्हा शूट कसं करणार? हिराबाई एक दिवसाची मजुरी सोडून चिखलात उभी राहिली होती."

"चूक कुणाच्याही हातून होते," राही म्हणाली. "पण तो मेसेज चूक नव्हती. बाईंना कशाची भीती आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. तीच तुम्ही टाइप केलीत, म्हणजे त्या आपण होऊन माघार घेतील."

अर्जुन उठला. फोटोसाठी टांगलेल्या निळ्या पडद्यामागून त्यानं डिस्क काढली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली. मान वर करून तो कुणाकडेही बघत नव्हता.

"कार्ड त्यानंतर वापरलं?" राहीनं विचारलं.

"नाही. हात लावायची हिंमत झाली नाही."

"मग आशा आहे. फॉरमॅट केल्यानं यादी पुसते, चित्रं लगेच जात नाहीत. जिथे साखरपुडा लिहिला गेला तेवढी जागा गेली. बाकीचं नाशिकला माझा एक मित्र काढू शकेल. पण दोन दिवस लागतील."

"आणि सहा वाजता?" गौतमनं विचारलं.

सगळे सुषमाबाईंकडे पाहू लागले. त्यांनी डिस्क उचलली.

"शेवट नसलेला सिनेमा दाखवला तर हसतील लोक," अर्जुन पुटपुटला.

"हसू देत," बाई म्हणाल्या. "तुझ्या मेसेजनं ठरवण्यापेक्षा ते बरं."

*

सभागृह भरलं होतं. पुण्याच्या बाई तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसल्या होत्या. सुषमाबाई आत गेल्याच नाहीत. दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि फक्त आवाजावरून सिनेमा पुढे सरकताना ऐकत राहिल्या. मध्येच आत कोणी खोकलं की त्यांचा चेहरा आक्रसायचा.

"पहिल्याला इथे हसले होते," त्या कुजबुजल्या. "आता नाही हसले."

राहीनं खिशातला रुमाल चाचपला. रुमालावर चिकटणारी ही गोष्ट नव्हे.

सात वाजून बावीस मिनिटांनी आवाज एकदम तुटला. पडदा निळा झाला. डिस्क तिथेच संपत होती.

आत चिडीचूप. राहीनं मनात आकडे मोजले. चार. सात. दहा. कुणी टाळी वाजवली नाही. एक खुर्ची करकरली. सुषमाबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग पुढच्या रांगांतून एका म्हातारीचा आवाज आला. टेम्पोतून आलेल्या वावरच्या बायकांपैकी कोणीतरी.

"गे, बंद का केला? मंग पुढं काय झालं?"

"पोरगा आला का नाय?" दुसरं कुणी ओरडलं. "लावा की!"

"ओ बाई, सांगा ना!"

तिसऱ्या रांगेतल्या पुण्याच्या बाई वही मिटून, खुर्चीत पूर्ण मागे वळून दाराकडे बघत होत्या.

"बाई," राही म्हणाली, "तुम्हाला विचारतायत."

सुषमाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि आत पाऊल टाकलं. रांगांमधून चालत त्या पडद्यापुढे, निळ्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. सुरुवात कुठून करावी ते त्यांना सुचेना. पण त्या बोलायला लागेपर्यंत सभागृहातलं एकही माणूस जागचं हललं नाही.