ठिपक्यातला माणूस

जुलैची चोवीस तारीख. दुपारी बाराला जपानमधलं टीव्हीचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण कायमचं बंद व्हायचं होतं, म्हणून इनुझुका बत्तीस इंची नवा संच पाठीवर बांधून ओनोमिचीच्या दगडी पायऱ्या चढला. नवा टीव्ही घ्यायचं राहिलेलं त्याच्या दुकानाचं हे शेवटचं गिऱ्हाईक. फुसाएआजीनं दोन वर्षं टाळाटाळ केली होती.

"ठेव तिथं. पण जुन्याला इतक्यात हात लावू नकोस," आजी म्हणाली आणि तिनं बार्लीचा गार चहा पुढे केला.

जुन्या जाडजूड टीव्हीवर बंदरावरची जत्रा थेट दाखवत होते. रंग विटलेले, प्रत्येक माणसाला शेजारी फिकट सावली. आजीचा नवरा शिगेतो याच टीव्हीपुढे पाय पसरून सुमोच्या कुस्त्या बघायचा आणि हरणाऱ्याला शिव्या घालायचा.

"नव्यात असं काय सोनं लागलंय रे?"

"आजी, चित्र म्हणजे आडव्या रेघा. जुन्यात पाचशेसुद्धा नाहीत, यात हजाराच्या वर. जाळं बारीक विणलं की चिंगळ्याही सापडतात ना, तसं."

"तीच तर भीती आहे." आजीनं पडद्याच्या डाव्या कडेला बोट टेकवलं. धक्क्यावरच्या गर्दीत एक करडा ठिपका होता. "अकरा वर्षं, दर जत्रेला, हा इथंच उभा असतो. मी म्हणते, आमचे हेच. आता स्पष्ट दिसलं आणि खांब निघाला तर?"

अकरा वर्षांपूर्वी शिगेतोच्या अस्थी उचलताना इनुझुका स्वतः हजर होता. तो वायर जोडत राहिला.

बारा वाजले. जुन्या पडद्यावर प्रक्षेपण संपल्याची निळी सूचना आली. इनुझुकानं नवा टीव्ही लावला.

तोच धक्का. दोरखंडाचा पीळन् पीळ दिसत होता, ढोलवाल्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता.

डाव्या कडेला खांब नव्हता.

बनियनमधला एक म्हातारा उभा होता. भुवईवर शिगेतोसारखाच जुना व्रण, काखेत गवती टोपी.

"सारखा दिसणारा कोणी असेल, आजी," इनुझुका म्हणाला.

आजीनं ऐकलंच नाही. ती पडद्याला नाक लावून हसत होती, डोळे भरून वाहत होते.

"अहो, ऊन केवढं आहे! टोपी घाला की."

म्हाताऱ्यानं काखेतली टोपी काढून डोक्यावर ठेवली.

ढोल वाजतच होते.

मग त्यानं मान वळवली. आजीकडे नाही, तिच्या मागे बसलेल्या इनुझुकाकडे. घरी कामाला आलेल्या माणसापुढे घरधनी लवतो, तसा तो कमरेतून जरासा लवला.

आणि सवयीनं, काही कळायच्या आत, इनुझुकाही लवला.