गवतावरची खुर्ची

वर्षातून एकदा नगरपालिकेचा ट्रक अडगळ न्यायला यायचा, आणि कोबर्गमधली ती सगळी गल्ली फाटकाबाहेरच्या गवताच्या पट्टीवर आपलं घर रिकामं करायची. ट्रकच्या आधी शेजारीपाजारी हात मारून घेत. नियम पोराटोरांनाही पाठ होता : गवतावर जे असेल ते कुणीही, न विचारता न्यावं.

ग्लेनिस दरवर्षी एखादी मोडकी बादली ठेवून मोकळी व्हायची. तिच्या पुढच्या खोलीत सुईला जागा नव्हती, आणि धंदा मात्र सुईचाच. गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेले कोट, कापडाचे गठ्ठे, बटणांच्या बरण्या, बंद पडलेलं मशीन. यंदा मात्र तिची लेक ब्रॉनी बाळाला घेऊन परत येणार होती. "खोली रिकामी दिसली तर कायमची राहीन आई. त्या पसाऱ्यात बाळाला नाही ठेवणार," असं तिनं फोनवर सरळच सांगितलं होतं. ग्लेनिसला राग आला नाही. उलट तिच्या अंगात वारं शिरलं.

सकाळपासून ती ओढत होती, ढकलत होती, गुणगुणत होती. मशीन गवतावर ठेवून ती दिवा आणायला आत गेली, बाहेर आली तर मशीन नाही. गाडीचा आवाजही आला नव्हता. तिनं दिवा ठेवला. थोड्या वेळानं तोही गेला.

"उद्या रडत येशील, माझा दिवा, माझा दिवा करत," शेजारचा मर्व्ह कुंपणावरून म्हणाला.

"गवतावर ठेवलं ते माझं राहिलं नाही, मर्व्ह. नेणाऱ्याचं भलं होवो."

दुपारी तिला दिवा दिसला. समोरचं घर हिवाळ्यापासून रिकामं होतं, त्याच्या खिडकीत. कुणीतरी राहायला आलं म्हणून तिला आनंदच झाला. तिनं हात हलवला. पडदा किंचित हलला, पण कुणी दिसलं नाही. लाजरे असतील. संध्याकाळी केक घेऊन जाऊ, असं तिनं ठरवलं.

पुढच्या खेपेला तिनं नीट पाहिलं. दिव्याच्या उजवीकडे तिचं मशीन. मागे कोट टांगलेले. बरण्यासुद्धा तिच्याच क्रमानं, शिंपल्याच्या बटणांची सगळ्यांत पुढे. आणि त्या घराच्या दारावरचं कोळ्याचं जाळं तसंच अखंड होतं.

तिच्या अंगावर काटा आला. पण मागे वळली तर तिच्या खोलीत जमिनीवर ऊन पडलं होतं. ती फरशी तिनं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. भीतीपेक्षा तो आनंद मोठा होता.

आता राहिली फक्त तिची शिवणाची खुर्ची, बसून बसून खोलगट झालेली. तीही तिनं बाहेर आणली. तेवढ्यात फोन वाजला.

"वळणावर आहोत, आई."

तिला आत जाववेना. लेक आधी आपल्याला दिसायला हवी. ती खुर्चीवर टेकली.

मर्व्ह कुत्र्याला फिरवायला निघाला होता. "तिथे बसू नकोस गं. कुणीतरी उचलून नेईल."

"नेऊ दे," ती हसून म्हणाली.

गाडी आली. ब्रॉनी उतरली, कडेवर बाळ.

ग्लेनिसनं हाक मारली.

समोरच्या काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली.

उजवीकडे दिवा होता. गुडघ्यापाशी मशीन.

रस्त्यापलीकडे ब्रॉनी उघड्या दारातून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. तिनं आईला हाका मारल्या, इकडेतिकडे पाहिलं. गवतावर खुर्चीच्या पायांचे खळगे तेवढे होते.

मग तिला समोरच्या खिडकीतला दिवा दिसला. नव्या शेजाऱ्यांना दाखवावा तसा तिनं बाळाचा इवलासा हात धरून हलवला.

ग्लेनिसनं सगळा जोर लावला. तिला जेमतेम पडदा हलवता आला.