मेणाचे बोळे

मढं धुवायला पाणी कोमट घ्यावं, कढत नाही. दिवा जरा जवळ ओढ बाई, आणि ऐक. गढीत कुणी गेलं की हाक या मेख्टिलला येते. काल गढीच्या देवळातले फादर गॉटशाल्क गेले, म्हणून आली. बादली घेऊन निघाले खरी, पण उंबऱ्याशीच थबकले.

कारण उन्हाळ्यात याच हातांनी मी गढीच्या मालकीणबाईंना, रिखील्डाबाईसाहेबांना धुतलं होतं. नदीकाठची कुरणं बाईसाहेब संन्यासिनींच्या मठाला देणार होत्या. फादरना ती आपल्या देवळाला हवी होती. बाईसाहेब तापाने पडल्या, तसा फादरनी माझ्या हाती पेला दिला. "संताच्या अस्थी धुतलेलं पाणी आहे. पाज त्यांना."

पेल्याला उंदरांचा वास येत होता.

"मेख्टिल, वास कसला गं हा?" बाईसाहेबांनी विचारलं.

"देवाघरचं आहे, नाक नका मुरडू," मी म्हणाले. त्या हसल्या, आणि माझ्या शब्दाखातर प्यायल्या. दिवस मावळायच्या आत गेल्या.

विषाची कुजबुज सुरू झाली. आमच्याकडची रीत अशी, की घरातल्या एकेकाने मढ्याच्या छातीवर हात ठेवायचा. मारणाऱ्याचा हात लागला की मढ्याला रक्त फुटतं. मी धुवत होते तेव्हाच बाईसाहेबांच्या नाकाशी लाल दिसलं. मागे फादर उभे.

"मेण घाल," ते हळूच म्हणाले. "पेला तुझ्या हातून गेलाय. तुलाही हात ठेवायचाय ना..."

मी मेणाचे दोन बोळे वळले आणि विळ्याने चिरलेल्या या अंगठ्याने आत खोल दाबले.

फादरनी हात ठेवला, काही नाही. मग मी ठेवला. हाताखाली काहीतरी धडधडलं... पण रक्त नाही. हुश्श केलं मी मेलीने! मग आला म्हातारा उलरिख माळी. बाईसाहेबांच्या उशाशी रोज फुलं ठेवायचा बिचारा. मेणबत्त्यांची धग एव्हाना चांगलीच लागत होती. त्याने हात टेकला, आणि बोळे निसटून रक्ताची धार लागली.

"पोरी, तू होतीस ना बाईसाहेबांपाशी... सांग ना गं यांना!" त्याला ओढत नेलं तेव्हा तो ओरडत होता. मी ब्र काढला नाही. त्याला फासावर दिलं.

तर काल फादरच्या खोलीत गेले. दार आतून बंद होतं, नुकतंच फोडलेलं. मढ्याला कुणीच हात लावला नव्हता. चादर ओढली तर तोच उंदरांचा वास अंगावर आला. फादरच्या दोन्ही नाकपुड्या मेणाने गच्च भरलेल्या... अजून मऊ, कोमट. त्यावर अंगठ्याचा ठसा, मधोमध आडवी चीर.

हा बघ माझा अंगठा.

उद्या फादरच्या मढ्यावर सगळ्यांनी हात ठेवायचाय. पहिली पाळी माझी आहे.